माग चोवीस, तारा दोन: क्यूएनएक्सवर थ्रेड किती आणि सॉफ्टवेअर कुठलं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना, २४ रेपियर माग. प्रत्येक मागाच्या कंट्रोलरवरून आरएस-४८५च्या दोन वेगळ्या तारांवर, एकेकीवर बारा माग, मॉडबस या यंत्रांच्या बोलीने पिक (बाण्याचे धागे), थांबे आणि थांब्याचं कारण वाचायचं. लिनक्सवर लिहिलेला प्रोग्राम जुन्या औद्योगिक पीसीवर, क्यूएनएक्स ६.५ या ऑपरेटिंग सिस्टीमवर आणला. दर मागाला एक थ्रेड (प्रोग्रामच्या आत स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा), शिवाय डेटाबेसचा एक. पडद्याचा प्रोग्राम वेगळा. वाचन चुकू नये म्हणून वाचणाऱ्या थ्रेडची प्रायॉरिटी ५० केली. आता दोन-तीन दिवसांतून एकदा सगळं अडकतं. अडकल्यावर कधी टेलनेट (दुसऱ्या पीसीवरून आत शिरायची सोय) लागतं, कधी तेही लागत नाही. थ्रेड वाढवायचे का? आणि या सिस्टीमसाठी लायब्ररी, सॉफ्टवेअर कुठून आणायचं? हे सगळं शिकायचं कशावर?

तुमच्या लिहिण्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: कधी टेलनेट लागतं, कधी लागत नाही. याचा अर्थ तुमच्याकडे एक दोष नाही, दोन आहेत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पडदा गोठतो आणि मुकादम फोन करतो. पण दोघांची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. दोन्ही एकच समजून शोधत बसलात तर महिना जाईल. माझा गेलेला आहे.

आधी टेलनेट न लागणारा प्रकार घेऊ, कारण तो सोपा आहे.

क्यूएनएक्सचा शेड्युलर, म्हणजे कुठला थ्रेड केव्हा चालेल ते ठरवणारा भाग, लिनक्सच्या नेहमीच्या शेड्युलरसारखा सगळ्यांना वाटून देणारा नाही. तयार असलेल्या थ्रेडांत ज्याची प्रायॉरिटी वरची, तोच चालतो, आणि तो थांबेपर्यंत चालतो. खालच्याला दया म्हणून काही मिळत नाही. ० ते २५५ अशा पायऱ्या आहेत. साधा प्रोग्राम १०वर सुरू होतो आणि नेटवर्कचा स्टॅक, म्हणजे नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम, २१वर चालतो. तुमचा वाचणारा थ्रेड आहे ५०वर. तो जोवर उत्तराची वाट बघत झोपलेला आहे तोवर काही बिघडत नाही. पण लिनक्सवरून आणलेल्या कोडमध्ये बहुधा असं लिहिलेलं असणार: पोर्ट नॉन-ब्लॉकिंग (काही आलं नसेल तर न थांबता परत येणारं) उघडायचं, रीड करायचं, काही मिळालं नाही तर पुन्हा रीड, पुन्हा रीड. जॉबरने, म्हणजे मागाच्या मिस्त्रीने, दुरुस्तीसाठी एखाद्या मागाचा मेन स्विच पाडला की त्या मागाचा कंट्रोलर उत्तरच देत नाही, आणि हा लूप गरगरत राहतो. लिनक्सवर एवढ्याने मशीन थोडं संथ झालं असतं, तुमच्या लक्षातही आलं नसतं. इथे एका कोअरच्या पीसीवर ५०च्या खालचं सगळं उपाशी राहतं. टेलनेट येतं नेटवर्कच्या स्टॅकमधून, आणि तो २१वर आहे. म्हणून लागत नाही.

यात एक बारकावा आहे आणि तो मायक्रोकर्नलचा, म्हणजे अगदी मोजकंच काम स्वतःकडे ठेवणाऱ्या सिस्टीमच्या गाभ्याचा, खास आहे. तुम्ही रीड म्हणता तेव्हा लिनक्समध्ये तुमचाच थ्रेड कर्नलमध्ये शिरून काम करतो. क्यूएनएक्समध्ये कर्नलला सिरियल पोर्ट माहीतच नसतं. सिरियलचा ड्रायव्हर हा तुमच्या प्रोग्रामसारखाच एक वेगळा प्रोसेस आहे. फाइलसिस्टीमही तशीच, टीसीपी-आयपीही तसंच. कर्नलकडे थ्रेड, संदेश, टायमर, इंटरप्ट एवढंच. तुमचं रीड म्हणजे ड्रायव्हरला पाठवलेला संदेश असतो, आणि संदेश घेताना ड्रायव्हरचा थ्रेड पाठवणाऱ्याची प्रायॉरिटी अंगावर घेतो. म्हणजे तुमचा ५०चा लूप फिरत असताना ड्रायव्हरही तुमच्याबरोबर ५०वर चढून बसतो. तुम्ही एकटे नाही, तुम्ही एक साथीदारही ओढून घेतलात.

उपाय: रीड ब्लॉकिंग, म्हणजे काही मिळेपर्यंत झोपणारं, करा किंवा सिलेक्टला (पोर्टवर काही येईपर्यंत थांबणाऱ्या फंक्शनला) वेळेची मर्यादा द्या, आणि प्रायॉरिटी खाली आणा. वाचणाऱ्या थ्रेडला १५ पुष्कळ आहे. माझा नियम असा आहे की आपण लिहिलेला कुठलाही थ्रेड नेटवर्क स्टॅकच्या वर न्यायचा नाही. न्यायचाच असेल तर तो किती वेळ चालून कधी झोपतो हे कागदावर मांडून मगच न्यायचा. प्रायॉरिटी वाढवल्याने काम लवकर होतं अशी आपल्याकडे समजूत आहे. काम तेवढाच वेळ घेतं, फक्त दुसऱ्याचं आधी थांबवलं जातं.

आता दुसरा प्रकार, टेलनेट लागतं पण प्रोग्राम मेल्यासारखा. इथे जरा सविस्तर बोलायला हवं, कारण खरी मेख इथेच आहे.

माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं. वडिलांबरोबर सायझिंगला, म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावतात तिथे, बीम (ताणा गुंडाळायचा रूळ) घेऊन जायचो. तिथली पद्धत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. आपण जाऊन उभे राहतो, आधीच्याचं काम चालू असतं. ही पहिली वाट. मग आपलं काम यंत्रावर चढतं, तरी आपण तिथेच, कारण बीम हातात आल्याशिवाय माग सुरू होणार नाही. ही दुसरी वाट. बीम मिळाला की निघालो. क्यूएनएक्सचा संदेश नेमका असाच आहे. एमएसजीसेंड म्हटलं की तुमचा थ्रेड उभा राहिला. समोरच्याने अजून घेतलं नसेल तर तुम्ही सेंड अवस्थेत अडकलेले. त्याने एमएसजीरिसीव्हने घेतलं की तुम्ही रिप्लाय अवस्थेत. त्याने एमएसजीरिप्लाय केलं की मोकळे. समोरचा मोकळा असून कोणी आलेलंच नाही, तर तो रिसीव्ह अवस्थेत झोपलेला. या तीन शब्दांवर अख्खी सिस्टीम उभी आहे.

प्रायॉरिटीचं वारसाहक्कानं मिळणंही यातच बसतं. तातडीची ऑर्डर असलेला माणूस रांगेत येऊन उभा राहिला की सायझिंगवाला आधीच्याचं कामही भराभर उरकतो. क्यूएनएक्समध्ये वरच्या प्रायॉरिटीचा ग्राहक वाट बघू लागला की काम करत असलेल्या सर्व्हरची प्रायॉरिटी तेवढी वर जाते. हे फुकट मिळतं, तुम्हाला काही लिहावं लागत नाही. म्युटेक्सचं, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाचंही तसंच: क्यूएनएक्सवर हा वारसा, प्रायॉरिटी इनहेरिटन्स, मुळातच चालू असतो, लिनक्सच्या ग्लिबसी या सी लायब्ररीत तो आपणहून मागावा लागतो.

आता समजा सायझिंगवाला सुतासाठी रंगाईवाल्याच्या दारात उभा आहे, आणि रंगाईवाला आपल्या बीमसाठी सायझिंगवाल्याच्या दारात. दोन्ही दुकानांना टाळं, आणि दोघेही प्रामाणिकपणे वाट बघत आहेत. सीपीयू शून्य टक्के, मशीन थंड, टेलनेट लगेच लागतं. तुमचा दुसरा दोष हा असणार.

मी स्वतः हे केलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मशीन बनवणाऱ्या कंपनीसाठी दोन प्रोसेस लिहिले होते. एक आकडे सांभाळणारा, दुसरा पडदा दाखवणारा. पडदा आकडेवाल्याला विचारायचा, ‘पाळीचं उत्पादन किती?’ आणि आकडेवाला काही बदललं की पडद्याला सांगायचा, ‘हा माग थांबला.’ दोन्ही बाजूंनी एमएसजीसेंड. चाचणीत पंधरा दिवस निर्धोक चाललं. बसवल्यावर पाळी बदलताना अडकायला लागलं, कारण त्याच दहा मिनिटांत मुकादम अहवालाचं बटण दाबतो आणि त्याच दहा मिनिटांत सगळ्यात जास्त माग थांबतात आणि सुरू होतात. दोन्ही संदेश एकमेकांना आडवे जाण्याची शक्यता दिवसभर नगण्य, आणि पाळीच्या तोंडावर भरपूर. मी आधी म्युटेक्स तपासले, मग मेमरी, मग केबल बदलली. शेवटी अडकलेल्या अवस्थेत पिडिन (कुठला थ्रेड कुठल्या अवस्थेत आहे ते दाखवणारी क्यूएनएक्सची आज्ञा) चालवलं, तेव्हा दोन ओळींत उत्तर समोर होतं: एक प्रोसेस रिप्लाय अवस्थेत, अडकला आहे दुसऱ्यावर, आणि दुसरा सेंड अवस्थेत, अडकला आहे पहिल्यावर. अवस्थेच्या पुढच्या रकान्यात कोणावर अडकला त्याचा नंबर असतो. तो रकाना मी तोवर कधी नीट वाचलाच नव्हता.

तेव्हापासून कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी मी कागदावर सगळे प्रोसेस काढतो आणि सेंडचे बाण मारतो. बाण सगळे एकाच दिशेने गेले पाहिजेत, खालून वर. वरच्याला खालच्याशी बोलायचं असेल तर सेंड नाही, पल्स पाठवायचा. पल्स म्हणजे छोटी खूण: एक कोड आणि एक आकडा, पाठवणारा थांबत नाही. ‘काहीतरी बदललंय’ एवढीच हाक. मग खालचा आपल्या सवडीने सेंड करून विचारतो की काय बदललं. तुमच्या बाबतीत पडदा खाली, आकडे सांभाळणारा वर. माग थांबला की आकडेवाल्याने पडद्याला पल्स द्यावा, पडद्याने येऊन विचारावं. एवढा एक बदल केलात तरी माझ्या अंदाजाने अर्ध्याहून जास्त अडकणं संपेल.

उरलेलं अडकणं म्युटेक्सचं असेल. त्याची खूण पिडिनमध्ये म्युटेक्स अवस्थेत रांगेने उभे असलेले थ्रेड. इथे लिनक्सवरून आलेल्या माणसाला एक गोष्ट पटायला वेळ लागतो. फाइलमध्ये लिहिणं, लॉगमध्ये प्रिंटएफ करणं, पोर्ट वाचणं, सॉकेटवर पाठवणं, यातलं प्रत्येक काम म्हणजे दुसऱ्या प्रोसेसला सेंड. म्हणजे म्युटेक्स हातात धरून तुम्ही लॉगची एक ओळ लिहिलीत, तर कुलपाची किल्ली खिशात घालून तुम्ही दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिलात. त्या दारात किती वेळ जाईल हे तुमच्या हातात नाही. डिस्क संथ असेल, कार्ड जुनं असेल, तेवढा वेळ बाकीचे सगळे बाहेर. म्हणून म्युटेक्सच्या आत फक्त मेमरीतली नक्कल: कुलूप लावा, आकडे आपल्या रचनेत उतरवून घ्या, कुलूप सोडा, मग लिहायचं ते लिहा. हा नियम मी शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगतो आणि त्यांच्या कोडमध्ये सहा महिने शोधत राहतो.

थ्रेड वाढवायचे का? नाही. कमी करायचे.

तुमच्याकडे माग चोवीस असले तरी तारा दोनच आहेत. आरएस-४८५च्या एका तारेवर एका वेळी एकच बोलू शकतो. चोवीस थ्रेड बनवलेत तरी एका तारेवरचे बारा थ्रेड एकाच म्युटेक्सपुढे रांग लावून बसणार, आणि एक बोलणार. थ्रेड किती हवेत ते कामांच्या संख्येवरून ठरत नाही. एकाच वेळी किती वेगवेगळ्या ठिकाणी वाट बघायची आहे, त्यावरून ठरतं. तुमच्या वाट बघण्याच्या जागा आहेत पहिली तार, दुसरी तार, आणि पडद्याकडून येणारे संदेश. तीन. डेटाबेसला लिहिणारा वेगळा, कारण डिस्क संथ असते. चार. झालं.

‘मग बारा मागांना एकच थ्रेड पुरेल का?’ असं वाटेल. हिशोब करू. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, मॉडबस आरटीयूचा एक बाइट ११ बिटांचा धरला, तर त्याला साधारण १.१५ मिलिसेकंद लागतात. प्रश्न ८ बाइटांचा, दहा रजिस्टरांचं उत्तर २५ बाइटांचं, एकूण ३३ बाइट म्हणजे ३८ मिलिसेकंद. दोन फ्रेममधली शांतता आणि कंट्रोलरला विचार करायला लागणारा वेळ धरून ५० म्हणा. बारा मागांना ६०० मिलिसेकंद. दर सेकंदाच्या आत प्रत्येक मागाची खबर येते. पाळीचं उत्पादन आणि ताणा तुटला की बाणा तुटला हे कळायला याहून जास्त काही लागत नाही. पिक मोजण्याचं काम मागाचा कंट्रोलर स्वतः करतो, तुम्ही फक्त बेरीज वाचता.

हिशोब बिघडतो तो बंद मागांमुळे. लिबमॉडबस ही मॉडबस वाचणारी लायब्ररी उत्तरासाठी मुळात अर्धा सेकंद थांबते. तारेवरचे तीन माग बंद असले की दर फेरीत दीड सेकंद नुसता वाट बघण्यात जातो. त्यावर चोवीस थ्रेड हा उपाय नाही, तार तीच आहे. उपाय असा: सलग तीनदा उत्तर न देणाऱ्या मागाला ‘बंद’ खूण करा आणि त्याला दर फेरीत न विचारता अर्ध्या मिनिटातून एकदा विचारा. उत्तर आलं की पुन्हा रांगेत. वाट बघण्याची मर्यादा १५० मिलिसेकंदांवर आणा. कंट्रोलर १९२०० बॉड घेत असतील तर तोही बदल करा, तारेवरचा वेळ निम्मा होईल. पण टोकाला रेझिस्टर लावलेला आहे का आणि तार मोटरच्या केबलला चिकटून गेली नाही ना, हे आधी पाहा. मागखात्यातल्या दोषांचा मोठा वाटा कोडमध्ये नसतोच.

सर्व्हर बाजूला अनेक ग्राहक येत असतील तर थ्रेड पूल वापरतात. क्यूएनएक्सच्या लायब्ररीत तो तयार आहे: किमान किती थ्रेड मोकळे वाट बघत ठेवायचे, जास्तीत जास्त किती, एकावेळी किती वाढवायचे, हे आकडे द्यायचे आणि बाकी ती पाहते. तुमच्याकडे ग्राहक एक पडदा आणि उद्या फार तर ऑफिसातला एक पीसी. पूल नको, एक रिसीव्हचा लूप पुरे. कमाल आकडा न देता थ्रेड वाढू देण्याचे परिणाम काय होतात ते पाहायचं असेल तर जीएनयू हर्ड या मायक्रोकर्नलवर उभ्या असलेल्या सिस्टीमकडे बघा. तिथले सर्व्हर येणाऱ्या विनंत्यांसाठी लागतील तसे थ्रेड काढत जातात, आणि गर्दी झाली की थ्रेडांचा पूर येतो. हर्डचं काम १९९० साली सुरू झालं, त्याच्या आत बुद्धिमान कल्पना खूप आहेत, पण हा धडा त्यांनी मोठी किंमत देऊन शिकवला आहे.

थ्रेडबद्दल आणखी दोन बारीक गोष्टी, ज्या तुमच्या पोर्टमध्ये नक्की आड येतील. एक म्हणजे थ्रेडचा स्टॅक, त्याची कामापुरती मेमरी. पीसीवरच्या लिनक्समध्ये थ्रेडला मुळात साधारण ८ एमबीचा स्टॅक मिळतो, क्यूएनएक्सवर तो केबीच्या हिशोबात असतो. फंक्शनच्या आत मोठा बफर घेतला असेल तर प्रोग्राम कधीतरी अवचित पडेल. स्टॅक किती ते थ्रेड बनवतानाच स्वतः ठरवा. दुसरी गोष्ट फोर्क, चालू प्रोसेसची नक्कल काढणारं फंक्शन. या जुन्या आवृत्त्यांत फोर्क फक्त एकाच थ्रेडच्या प्रोसेसमध्ये चालतो. अहवालासाठी दुसरा प्रोग्राम सुरू करायचा असेल तर स्पॉन वापरा.

कोणी तुम्हाला सांगेल की एवढे संदेश पाठवायचे म्हणजे मायक्रोकर्नल मुळातच संथ. हा आक्षेप जुना आहे आणि एके काळी खराही होता. कार्नेगी मेलनमध्ये १९८५ साली सुरू झालेल्या माख कर्नलमध्ये संदेश महाग पडायचे. जर्मनीतल्या योखेन लीडट्केने १९९३ साली दाखवलं की दोष कल्पनेचा नव्हता, बांधणीचा होता. माखला ज्या कामाला १०० मायक्रोसेकंदांहून जास्त लागायचे ते त्याच ४८६ प्रोसेसरवर त्याने साधारण ५ मायक्रोसेकंदांत करून दाखवलं. तुमच्या तारेवर एका बाइटला हजाराहून जास्त मायक्रोसेकंद लागतात. तेव्हा संदेशाच्या खर्चाची चिंता तुम्हाला करायची नाही.

आता सॉफ्टवेअर कुठून आणायचं. इथे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो, कारण हा प्रश्न मला सोलापुरातल्या निदान चार कारखान्यांतून आला आहे आणि प्रत्येक ठिकाणी मुलांनी आधी चुकीच्या दिशेने महिने घालवले.

क्यूएनएक्स हे पॉझिक्सला, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टीमच्या सामायिक मानकाला, धरून चालतं, म्हणून ‘लिनक्सचं सगळं चालेल’ असं वाटतं. सीमधला, स्वतःच्या पायावर उभा असलेला कोड चालतोच. तुम्हाला लागणाऱ्या दोन गोष्टी त्यातल्याच आहेत. लिबमॉडबस क्यूएनएक्सला धरून लिहिलेली आहे, आणि एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस एकाच मोठ्या सी फाइलमध्ये मिळतो, तो क्यूसीसीने (क्यूएनएक्सच्या कंपायलरने) बांधून घ्या. अडतं ते तिथे, जिथे लिनक्सची खास सवय आत शिरलेली असते. अनेक पोर्टांवर एकत्र वाट बघणारं ईपोल पॉझिक्स नाही, लिनक्सचं आहे, त्याच्या जागी पोल किंवा सिलेक्ट. लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधल्या मजकुराच्या फाइली वाचून आकडे काढणारा कोड इथे चालणार नाही, क्यूएनएक्सचं प्रॉक वेगळ्या घडणीचं आहे. आणि ६.५चा कंपायलर जीसीसी ४.४ आहे, २०११च्या सी प्लस प्लस मानकाच्या आधीचा. म्हणजे भाषेतलेच थ्रेड आणि म्युटेक्स वापरणारी नवी लायब्ररी तुमच्याकडे बांधलीच जाणार नाही. साध्या पीथ्रेडवर राहा. नवी लायब्ररी खाली ओढण्याआधी तिची त्या काळातली जुनी आवृत्ती शोधा.

आवृत्त्यांचा आणखी एक घोळ आहे. पडदा फोटॉनमध्ये (क्यूएनएक्सच्या जुन्या ग्राफिक व्यवस्थेत) लिहिलेला असेल तर तो ६.५वरच राहणार, ६.६पासून फोटॉन काढून टाकलं. ६४-बिट आलं ७.०ला, २०१७ साली. आणि ८.०मध्ये ३२-बिट प्रोसेसरला जागाच नाही. म्हणजे तुमचा जुना पीसी नव्या आवृत्तीवर जाणं जवळजवळ अशक्य समजा. शिवाय परवाना हा व्यवहाराचा भाग आहे: विकासाचा वेगळा, प्रत्येक यंत्रावर चालवण्याचा वेगळा. मशीनबरोबर आलेला परवाना त्या एका पीसीपुरता असतो. तो पीसी गेला तर काय, हे मालकांशी आत्ताच बोला.

म्हणून माझा सल्ला वेगळा आहे. सॉफ्टवेअर क्यूएनएक्सवर ओढून आणू नका. क्यूएनएक्सवर तेवढंच ठेवा जे तिथे असायलाच हवं: दोन तारा वाचणं, शेवटची खबर मेमरीत ठेवणं, आणि मागितली की टीसीपीवर देणं. अहवाल, आलेख, व्हॉट्सॲपवर जाणारी पाळीची बेरीज, जीएसटीच्या बिलाशी जोडणी, हे सगळं ऑफिसातल्या साध्या लिनक्स पीसीवर. तिथे हवं ते सॉफ्टवेअर मिळतं, आणि तो पीसी पडला तरी तारा वाचणं थांबत नाही. उन्हाळ्यात ४३-४४ अंशांत, हवेत कापसाचा भुरा, अशा मागखात्यातल्या पीसीवर जितकं कमी तितकं तो जास्त जगेल. मायक्रोकर्नल बनवणाऱ्यांनी कर्नलच्या बाबतीत जो निर्णय घेतला, तोच तुम्ही कारखान्याच्या पातळीवर घ्या.

तो पीसी जगवायचीही तयारी ठेवा. वीज जाते, परत येते, पुन्हा जाते. ६.५मध्ये पॉवर-सेफ फाइलसिस्टीम आहे, ती जुन्या मजकुरावर न लिहिता नव्या जागी लिहून मग ताबा बदलते. जुनी क्यूएनएक्स४ फाइलसिस्टीम असेल तर बदला. डिस्कची किंवा कार्डाची संपूर्ण प्रत दोन वेगळ्या कार्डांवर काढून एक कारखान्यात आणि एक घरी ठेवा, आणि ती प्रत बूट होते का हे एकदा लावून पाहा. न तपासलेली प्रत मी प्रत धरत नाही. हाय अव्हेलेबिलिटी मॅनेजर नावाचा प्रोसेस सिस्टीममध्ये आहे, तुमचा प्रोग्राम पडला तर तो पुन्हा सुरू करतो. तो जरूर लावा, पण दोष सापडल्यावर. आधी लावलात तर तो दोष झाकून टाकेल आणि तुम्हाला पिडिन घ्यायला वेळच मिळणार नाही.

शिकण्याबद्दलही विचारलंत. मिनिक्स ३ ही मायक्रोकर्नलची सिस्टीम वाचायला सुंदर आहे. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी ते २००५ साली आणलं, आणि पडलेला ड्रायव्हर पुन्हा उभा करणारा त्यातला सर्व्हर प्रत्येकाने एकदा पाहावा. पण शेवटची पक्की आवृत्ती २०१४ची, कारखान्यात नको. एसईएल४ या मायक्रोकर्नलचा कोड बरोबर असल्याचं गणिताने सिद्ध केलेलं आहे, २००९ साली, सुमारे ८,७०० ओळींचा सी कोड. पण त्यावर तुम्हाला सगळं स्वतः बांधावं लागेल. हात बसवायला सध्या सगळ्यात सोयीचं म्हणजे रास्पबेरी पाय ४ आणि क्यूएनएक्स ८चा बिगरव्यावसायिक मोफत परवाना. घरी टेबलावर दोन प्रोसेस लिहा, मुद्दाम दोघांना एकमेकांना सेंड करायला लावा, आणि पिडिनमध्ये ते अडकलेले बघा. एकदा स्वतः अडकवलेलं पाहिलं की पुढे कधीही दिसलं तरी ओळखू येतं. तो परवाना कारखान्यात मात्र वापरू नका.

आता पुढच्या वेळी अडकेल तेव्हाचं. रिसेट दाबू नका, मुकादमांनाही तसं सांगून ठेवा. निम्मे जॉबर तेलुगू बोलतात, तेव्हा पीसीवर मराठी आणि तेलुगू अशा दोन्हींत चिठ्ठी चिकटवा. आधी ऑफिसातून टेलनेट लावून पाहा आणि लागलं की नाही ते वेळेसकट लिहा. लागलं तर पिडिन फाइलमध्ये घ्या, एका मिनिटाने पुन्हा घ्या, दोन्ही फाइली ठेवा. दोन्हींत जे थ्रेड त्याच अवस्थेत त्याच नंबरवर अडकलेले दिसतील, त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल करा. लागलं नाही तर त्या क्षणी कुठल्या मागाचा मेन स्विच पडलेला होता ते मागखात्यात जाऊन पाहा आणि त्या मागाचा नंबर लिहा. हे दोन कागद घेऊन या, मग थ्रेडांचा कोड आपण एकत्र बसून बदलू.